देवावर रुसलेल्या बाईने प्रभुभोजन घ्यावं का?

मावशी, प्रभूमध्ये सलाम.

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या गावात राहतो. माझे मिस्टर ४७ वर्षांचे, साखर कारखान्यात फिटर होते. दीड वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. पहाटे साडेपाचला घर सोडतो, परत यायला दुपारचे तीन वाजतात. पगार बंद आहे. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. माझं मानधन आणि दिरांची मदत यावर घर चाललंय.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, जुनी, आजेसासऱ्यांच्या वेळेपासूनची. गेल्या महिन्यात तालुक्याला तीन दिवस आरोग्यदानाची सभा होती. बाहेरून आलेल्या उपदेशक सेवकांनी मिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि माइकवरून सांगितलं, "भाऊ बरा झालाय. आता मशीनवर जाणं म्हणजे प्रभूवर अविश्वास." मिस्टर त्या रात्री कित्येक महिन्यांनी हसले. आता म्हणतात, या आठवड्यापासून शुक्रवारचं बंद करू, मंगळवारचं पुढे बघू. सासूबाईंचंही तेच. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्याच अविश्वासाने त्याचं बरं होणं अडलंय."

ते मनाला लागलं, कारण ते खरं असेल अशी मलाच भीती वाटते. मला प्रार्थना होत नाही. उपासनेत गाणी म्हणते ती सवयीने. देवाचा राग येतो. तीन महिने प्रभुभोजनाला, प्रभूच्या आठवणीची भाकर आणि रस घ्यायला, उठले नाही. अयोग्य रीतीने खाल्लं तर दंड ओढवतो असं लहानपणापासून ऐकलंय. महिला मंडळाने पुढच्या बैठकीत देवाने काय केलं याची साक्ष द्यायला सांगितलीय, तिथे काय बोलू? बारावीतला मुलगा चर्चला येत नाही. म्हणतो, देव असता तर पप्पांना असं झालं नसतं. रात्र रात्र झोप लागत नाही. कधीकधी वाटतं, आपणच नसतो तर बरं झालं असतं. मावशी, माझा विश्वास संपला का?

– एक बहीण

पोरी, सलाम.

तुझ्या पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत, पण ज्याला थांबायला वेळ नाही असा एकच आहे. तेव्हा आधी शुक्रवारचं बोलू, विश्वासाचं मागाहून.

शुक्रवारचं डायलिसिस चुकवायचं नाही. मी नोकरीची शेवटची वर्षं डायलिसिस वॉर्डात काढली, त्यामुळे इथे मावशी नाही, सिस्टर बोलतेय असं समज. आठवड्यातून दोनदा हेच मुळात कमी आहे, पुष्कळांना तीनदा करावं लागतं. धडधाकट माणसाच्या किडन्या रात्रंदिवस जे काम करतात त्यातलं थोडंच मशीन चार तासांत उरकतं. मधल्या दिवसांत अंगात पाणी आणि पोटॅशियम साठतच राहतं. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस, शुक्रवार ते मंगळवार चार. मधला शुक्रवार काढलास की सलग सात दिवस झाले. पाणी आधी पावलांवर दिसतं, मग छातीत भरतं. माणसाला आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसून रात्र काढावी लागते. पोटॅशियमचं तर कळतही नाही. ना ताप, ना दुखणं. हृदयाचे ठोके बिघडतात आणि थांबूही शकतात. म्हणून "मला बरं वाटतंय" एवढ्यावर कोणी मशीन बंद करत नाही.

"पण प्रभूने खरंच बरं केलं असेल तर?" असं मिस्टर विचारतील. विचारू देत, प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर शुभवर्तमानातच आहे. येशूने कुष्ठरोग्याला बरं केलं आणि लगेच सांगितलं, जा, याजकाला दाखव. लूकच्या शुभवर्तमानात दहा जण आहेत, त्यांनाही तेच सांगितलं. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे रोग गेला की नाही हे बघून ठरवायचं काम याजकाचं होतं. खुद्द येशूच्या हातून बरा झालेला माणूससुद्धा तपासणीला गेला, मग तुझ्या मिस्टरांनी का जाऊ नये? आज ते काम लॅबचं आणि किडनीच्या डॉक्टरांचं. डायलिसिसला बसण्याआधी रक्त काढून घ्यायला सांग. नंतरचा रिपोर्ट फसवा असतो, मशीनने नुकतीच सफाई केलेली असते. चोवीस तासांत लघवी किती होते तेही मोजून ठेव. किडन्या पुन्हा कामाला लागल्या असतील तर आकड्यांत दिसेल आणि मग डॉक्टर स्वतःच मशीन कमी करतील.

तोवर मशीन बंद नाही. सासूबाईंपुढे एवढं एकच वाक्य धरून ठेव, वाद घालत बसू नकोस: "डॉक्टरांनी लिहून दिलं की त्याच दिवशी बंद करू."

मिस्टरांवर मात्र चिडू नकोस. ते हसले असं तू लिहिलंस, ती ओळ मी दोनदा वाचली. दर आठवड्याला दोनदा हातात दोन जाड सुया, चार तास एकाच जागी, उन्हाळ्यातही मोजून पाणी. त्या माणसाला कोणीतरी सांगतं की हे सगळं संपलं, तर तो हसणारच. त्यांना मशीन नकोय, यात अविश्वासही नाही आणि वेडेपणाही नाही. कुणालाही नकोच असेल. भांडण त्यांच्याशी करू नकोस.

भांडायचंच असेल तर त्या सेवकांशी, पण ते आता पुढच्या तालुक्याला गेले असतील. मंडपात बरं झाल्याचं माइकवरून सांगणारे, शनिवारी रात्री दोन वाजता दम लागला तर गाडी करायला येत नाहीत. हे मी रागाने लिहितेय आणि तो राग मी आवरणार नाही. वॉर्डात अशा घोषणांनंतरचे दिवस पाहिले आहेत. रोगी तडफडत येतो, आणि नातेवाइकांना वाटत असतं की आपलाच विश्वास कमी पडला. घोषणा करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

प्रार्थनेने माणसं बरी होतात का? होतात असं मी मानते, नाहीतर इतकी वर्षं रोग्यांच्या उशाशी प्रार्थना केली नसती. पण आपल्या लोकांना तरी प्रार्थना आणि औषध यांचं भांडण लावून देणं शोभत नाही. मिरजेला मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना उभा केला. नगरला मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचं, बूथ हॉस्पिटल आहे. इकडे येशूचं नाव सांगायला जी माणसं आली त्यांनीच गावोगाव दवाखाने काढले, नर्सेस शिकवल्या, महारोग्यांच्या जखमा धुतल्या. औषध घेणं हा अविश्वास असता तर त्यांनी एवढा खटाटोप कशाला केला असता? याकोबाच्या पत्रात सांगितलंय की आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. जरूर बोलवा. पाळकसाहेबांना गुरुवारी संध्याकाळी घरी बोलवा, तेल लावून प्रार्थना करा, चहा प्या आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघा.

आणखी एक. मिस्टरांच्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशनने जोडलेली शीर, असेल तर त्यावर हलकेच तळहात ठेवून बघ, आत बारीक थरथर लागते. ती रोज सकाळी बघायची असते. लागली नाही तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. सासूबाईंना हात ठेवून प्रार्थना करायची आहे ना? रोज तिथेच ठेवायला सांग. प्रार्थनाही होईल आणि तपासणीही.

आता सासूबाईंचं ते वाक्य: तुझ्या अविश्वासाने अडलंय.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली कफर्णहूमची गोष्ट काढ. शाळेत असताना फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं लावून शिकवायचे ती. पक्षघाती माणसाला चौघांनी खाटेवर घालून आणलं, दारात गर्दी, आत शिरता येईना. ते घरावर चढले, छप्पर उसकटलं आणि येशू बसला होता त्याच्या समोर खाट खाली सोडली. खाली माणसांच्या डोक्यावर माती पडली असेल, घरमालकाने आरडाओरडा केला असेल, त्याबद्दल मार्क काही सांगत नाही. तो सांगतो ते असं की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. कुणाचा? खाट आणणाऱ्यांचा. खाटेवरचा माणूस सबंध गोष्टीत एक शब्द बोलत नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, चौघांनी उचललं तेव्हा तो "कशाला नेताय मला" म्हणून कुरकुरत होता का, कोणी विचारलंही नाही. तरी तो उठून, खाट उचलून घरी गेला.

ही गोष्ट मी हजारदा ऐकली आणि दर वेळी उपदेश एकच: विश्वास ठेवा म्हणजे बरे व्हाल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र खाटेची चार टोकं येतात. तुझं आजचं दुखणं अविश्वासाचं नाही. चार जणांची खाट तू एकटी उचलतेयस. एका टोकाला पैसा, एकाला मशीन, एकाला पोराची बारावी, एकाला सासूबाई, आणि वरून मंडळी म्हणते की गाणं जरा उत्साहाने म्हण. खांदे भरून आले तर विश्वास संपला असं कोण म्हणेल?

सासूबाईंना बहुधा इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय पाठ असेल, जुन्या बायकांना असतो. विश्वासाने यांनी राज्यं जिंकली, विश्वासाने सिंहांची तोंडं बंद केली. त्यांना प्रेमाने सांग, पुढे वाचा. पस्तिसाव्या वचनात गाडं रूळ बदलतं. इतर कितीकांचे हाल झाले, कितीकांना दगडमार झाला, कितीकांना करवतीने चिरलं. आणि शेवटी त्या दोन्ही प्रकारच्या माणसांबद्दल एकच शेरा आहे, की त्यांच्या विश्वासाविषयी चांगली साक्ष मिळाली. ज्यांचे सिंह गप्प बसले त्यांचीही, आणि ज्यांना करवत लागली त्यांचीही. प्रेषित पौलाने तर तीमथ्याला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात सरळ सांगून टाकलंय की त्रफिम आजारी होता, त्याला मिलेतात ठेवून आलो. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी आजारी बरे होत, तोच पौल सोबत्याला आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे जातो आणि ते लपवतही नाही. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

आपल्या मराठी मंडळीत तर पंडिता रमाबाईंपेक्षा मोठं नाव मला आठवत नाही. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, बहीण गेली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच १८८२ साली नवरा पटकीने गेला, पदरात तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तरी सुखाचे दिवस आले का? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या हजारो बायका-मुलींचं आईपण केलं, बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, आणि ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं ती मनोरमा १९२१ साली गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. तुझ्या सासूबाईंच्या मापाने मोजायचं तर रमाबाईंचा विश्वास फारच तोकडा पडला म्हणायचा. म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

तुला प्रार्थना होत नाही, देवाचा राग येतो. बरं. स्तोत्र ८८ वाच. आपल्या उपासनांत ते फारसं वाचत नाहीत, वाचलं तर सगळे अवघडतील. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, "तरी मी परमेश्वराचं स्तवन करीन" असं काहीतरी येतं. हे वळतच नाही. सुरुवातीपासून गाऱ्हाणं, तू मला टाकलंस, माझे सोबती माझ्यापासून तोडलेस, आणि शेवट अंधारात. आभार नाहीत, आशीर्वाद नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कुणी हेमान नावाचा गाणारा होता, त्याच्या नावावर आहे. तो देवाविषयी शेजाऱ्याकडे कुरकुर करत नाही, देवालाच सुनावतोय. तुझंही तेच चाललंय. ज्याच्यावर तू रागावतेस तो ऐकतोय, हे तू गृहीत धरलेलं आहेस. देव नाहीच असं ज्याला पक्कं वाटतं तो त्याच्यावर रागावत बसत नाही.

तेव्हा सध्या नवी प्रार्थना रचायच्या भरीस पडू नकोस. डायलिसिसचे चार तास तू बाहेरच्या बाकावर काढत असशील. एक स्तोत्र वाच, ८८, १३, ४२, जे झेपेल ते. ओठ हलले तरी पुरे. तेही झालं नाही तर ज्याच्या मुलाला फेपरं येई त्या बापाचं वाक्य म्हण: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याचं पोर येशूने त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर बरं केलं.

झोप नाही आणि "आपणच नसतो तर बरं" ही ओळ तू पत्राच्या शेवटी हळूच लिहिलीस. मी ती हळूच वाचलेली नाही. असं वाटणं हे पाप नाही. खूप दिवस थकलेल्या माणसाला असं वाटतं. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला दटावलं नाही, उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. बोलणं नंतर झालं. तू त्याच दवाखान्यात आठवड्यातून दोनदा जातेस, तर येत्या वेळी तिथल्या डॉक्टरांना स्वतःबद्दल सांग, "मला झोप येत नाही आणि जगू नये असं वाटतं," याच शब्दांत. रात्री फार झालं तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आधाराच्या सेवेचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि विचार वाटण्यापुरता न राहता कसं करायचं इथवर जायला लागला, तर त्याच क्षणी घरातल्या कुणालातरी उठव, एकटी बसू नकोस. सासूबाईंनाच उठव. त्या बाईच्या जिभेवर काहीही असो, मुलासाठी त्यांचं काळीज तुटतंय, आणि सूनही गेलेली त्यांना परवडणार नाही.

आता प्रभुभोजन. तीन महिने तू बाकावर बसून राहिलीस, शेजारची बाई उठून गेली, परत आली, तू पदर नीट करत राहिलीस. हे चित्र मी आपल्या मंडळ्यांमधून किती बघितलंय! नवऱ्याने टाकलेली, पोर गेलेलं, डोक्यावर कर्ज असलेली. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्याच बायका बसलेल्या. आणि सावकारी करणारे पंच पहिल्या रांगेत.

तुला भीती घातली गेली ते वचन करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, अकराव्या अध्यायातलं. ते सुटं वाचलं तर कुणालाही धडकी भरेल. सतराव्या वचनापासून वाच. करिंथमध्ये प्रभुभोजन म्हणजे आपल्यासारखा भाकरीचा तुकडा आणि घोटभर रस नव्हता, सगळे जमून जेवत. त्यात झालं असं की ज्यांच्याकडे होतं ते आपापलं आणून आधीच खाऊन-पिऊन मोकळे होत, एखादा तर झिंगलेला असे, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत. पौल संतापला तो यावर. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं त्याने विचारलंय. अयोग्य रीतीने खाण्याचं वचन या रागातून आलंय, आणि शेवटी त्याने उपाय काय सांगितला? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. दुःखी माणसाने, रागावलेल्या माणसाने, जिला प्रार्थना सुचत नाही तिने दूर राहावं असं त्या अध्यायात कुठे नाही. आपली पारख करून मग खावं असं आहे. पारख करून खावं. पारख करून घरी जावं असं नाही.

उलट मी तुझ्या पाळकांच्या जागी असते तर मंडळीला विचारलं असतं की आपल्यातली एक बाई आजारी नवऱ्याला घेऊन पहाटे साडेपाचला एकटी निघते, दीड वर्ष, आणि आपण तिला काय विचारतो, तर साक्ष कधी देतेस? पारख करायचीच तर तिथून सुरू करावी.

आणि पहिल्या प्रभुभोजनाला बसले होते ते कोण होते? शिष्य पेत्र येशूला त्याच रात्री तीनदा नाकारणार होता. लूकच्या सांगण्याप्रमाणे त्याला धरून देणाऱ्या यहूदाचा हातही त्याच मेजावर होता. बाकीचे पहाटेच्या आत पळाले. त्यांच्यात तू बसलीस तर फार विजोड दिसशील असं मला वाटत नाही. येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी ऊठ. राग आहे तर राग घेऊन जा, हात पुढे कर. मन फारच खात असेल तर आधी पाळकसाहेबांना एकदा बोलून घे. चांगले पाळक असतील तर तुला अडवणार नाहीत, आणि अडवलं तर मला परत लिही.

मुलाचं थोडक्यात. त्याला चर्चला ओढून नेऊ नकोस. येशू मेलेल्यांतून उठला त्या पहिल्या रविवारी शिष्य थोमा तिथे नव्हताच, सगळ्यांनी सांगितलं तरी म्हणाला, मी बघितल्याशिवाय मानणार नाही. त्याला कुणी घराबाहेर काढलं नाही, आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला होता. "देव असता तर" याचं पक्कं उत्तर तुझ्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, हे त्याला खुशाल सांग. खोटं उत्तर दिलंस तर मात्र तो दुसऱ्यांदा दुरावेल. त्याला काम दे: पप्पांचं रोज सकाळचं वजन आणि दिवसभराचं पाणी वहीत लिहायचं. दोन डायलिसिसमध्ये वजन किती वाढतंय हे वॉर्डात विचारतातच. बारावीच्या पोराला वडिलांसाठी काही करता येतंय, एवढं त्याला कळू दे. आणि आजीचं ते "तुझ्या अविश्वासाने" त्याच्या कानावर पडणार नाही एवढं बघ.

पैशाचं: दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचार. योजनेतल्या दवाखान्यात त्याचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. डायलिसिस त्यात बसतं. आजवर खिशातून पैसे भरत आला असाल तर हे याच आठवड्यात कर. मिस्टरांचं वय ४७, तेव्हा प्रत्यारोपणाचंही डॉक्टरांना विचारा. जवळचा नातेवाईक देऊ शकतो का, नसेल तर पुण्याच्या केंद्रात यादीत नाव कसं घालायचं, हे सगळं तेच सांगतील. यात घाई नाही, पण विषय काढून ठेवा.

राहिली साक्ष. आपल्याकडे साक्ष म्हणजे शेवट गोड असलेली हकीकत: आजारी होतो, प्रार्थना केली, बरे झालो, प्रभूची स्तुती. ज्यांची हकीकत अजून अर्ध्यात आहे त्यांनी बोलायचं नाही असा अलिखित नियमच झालाय. तू तो मोड. देवाने आपल्याला कसं तारलं हे सांगायला जाऊ नकोस, तुला अजून ते ठाऊक नाही. मरणाच्या आदल्या रात्री येशूला गेथशेमाने बागेत प्रार्थना जड झाली तेव्हा त्यानेसुद्धा पेत्र आणि दोघा भावांना सोबत घेतलं, माझ्याबरोबर जागे राहा म्हणाला. ते झोपले, हा भाग वेगळा. पण मागायची त्याला लाज वाटली नाही.

महिला मंडळात वही-पेन घेऊन जा. उभी राहा आणि एवढंच म्हण: "बहिणींनो, मला सध्या प्रार्थना होत नाही, ती माझ्यासाठी तुम्ही करा. आणि मला चार माणसं पाहिजेत. एकाने मंगळवारी आमच्याबरोबर दवाखान्यात यायचं. एकाने शुक्रवारी. एकीने त्या दोन दिवशी पोराचा आणि सासूबाईंचा डबा करायचा. आणि एकाने आरोग्य योजनेच्या कागदांसाठी माझ्याबरोबर एक दिवस काढायचा." मग वही पहिल्या बाईच्या हातात दे. नावाखाली मोबाईल नंबरही लिहून घे, नाहीतर बायका हो म्हणतात आणि विसरतात.

– मावशी